सेझानची स्नानचित्रे आणि त्यांचा काळ

संस्कृत महाकाव्याची लक्षणे सांगताना दंडीने वर्णनीय विषयांची जी यादी दिली आहे, तीत जलक्रीडेचा समावेश आहे. नगर, समुद्र, पर्वत, ऋतू, चंद्रोदय आणि सूर्योदय यांच्या जोडीला जलक्रीडा ही महाकवीला सहसा टाळता येत नसे. कालिदासाने रघुवंशाच्या सोळाव्या सर्गात कुशाची शरयूतील जलक्रीडा वर्णिली. भारवी आणि माघ या दोघांनीही आपापल्या महाकाव्याच्या आठव्या सर्गात तो विषय घेतला. विषय ठरलेला, संकेत ठरलेले, पुष्कळशा उपमाही ठरलेल्या. आणि म्हणूनच कोणता कवी किती पाण्यात आहे याची परीक्षा तेथे होत असे. नवा विषय घेणाऱ्यास विषयाचे नावीन्य तारून नेते. जुना विषय घेणाऱ्यास स्वतःच्या बळावरच तरावे लागते.

युरोपच्या चित्रकलेत स्नान करणाऱ्या माणसांच्या चित्राला जवळजवळ हेच स्थान होते. प्रबोधनकाळापासून मानवी देहाचे रेखाटन हा तिकडील चित्रशिक्षणाचा गाभा ठरला, आणि तो देह विवस्त्र दाखविण्यास काहीतरी निमित्त हवे म्हणून पाणी, झाडी आणि एखादी पुराणकथा यांची सोय झाली. व्हेनिसच्या तिशनने १५५६ ते १५५९ या काळात डायना देवीच्या स्नानाचे चित्र रंगविले. स्नान करणाऱ्या देवीला अवचित पाहणाऱ्या आणि त्यापायी प्राणांस मुकणाऱ्या शिकाऱ्याची कथा पाहणाऱ्यांना ठाऊक होती, त्यामुळे त्या देहांना एक कथाधार होता. पुढे हा आधार उत्तरोत्तर नावापुरता उरला. १८६३ साली पॅरिसच्या ‘सालाँ’ या सरकारमान्य प्रदर्शनात काबानेलने समुद्राच्या लाटांवर पहुडलेली व्हीनस मांडली आणि सम्राट तिसऱ्या नेपोलियनने ती विकत घेतली. त्याच वर्षी मानेचे एक चित्र परीक्षकांनी नाकारले व ते नाकारलेल्या चित्रांच्या वेगळ्या प्रदर्शनात लागले. ‘हिरवळीवरील भोजन’ म्हणून पुढे जगप्रसिद्ध झालेल्या या चित्राचे मूळ नाव ‘स्नान’ असे होते. विवस्त्र स्त्री दोन्ही चित्रांत होती. परंतु काबानेलची स्त्री देवी होती, तर मानेची स्त्री पॅरिसमधील होती आणि कोट घातलेल्या दोन गृहस्थांशेजारी बसून पाहणाऱ्याकडे सरळ बघत होती. लोकांना नग्नता बोचली त्याहून अधिक कथेचा अभाव बोचला, असे म्हणावयास हरकत नाही.

मानेने कथेचे वस्त्र काढून घेतले आणि त्यामुळे एक प्रश्न उघडा पडला. देवी नाही, कथा नाही, बोधही नाही. मग ही माणसे झाडांखाली, पाण्याकाठी कशासाठी जमली आहेत? चित्रात ती आणि त्यांच्या भोवतीची सृष्टी एकमेकांशी कोणत्या नात्याने बांधली जाणार? १८८० नंतरच्या पंचवीस वर्षांत काही थोड्या चित्रकारांनी या प्रश्नाला जी उत्तरे दिली, त्यांचा परिचय करून देण्याचा आमचा येथे हेतू आहे. त्यांत पॉल सेझानचे उत्तर सर्वांत दीर्घ, सर्वांत अवघड आणि, आमच्या मते, सर्वांत मोलाचे आहे.

प्रथम एका नावाचा खुलासा केला पाहिजे. मॉने, पिसारो, रन्वार इत्यादी चित्रकारांनी १८७४ मध्ये पॅरिसला आपले स्वतंत्र प्रदर्शन भरविले. त्यांच्या पंथाला मराठीत दृक्प्रत्ययवाद म्हणतात. वस्तू कशी आहे हे बुद्धीला माहीत असते. परंतु विवक्षित क्षणी, विवक्षित प्रकाशात ती डोळ्यांना कशी भासते तेवढेच रंगवावे, हा त्यांचा आग्रह. या आग्रहाने चित्रकलेतील काळोख गेला, सावल्यांत निळे-जांभळे रंग आले. तथापि त्याची एक किंमत होती. सारेच प्रकाशाच्या कणांत विरघळू लागले, की झाडाचे खोड आणि माणसाची पाठ यांतील घट्टपणा नाहीसा होतो. धुके, वाफ, लाटा यांस ही रीत फार शोभते. मानवी देहास तितकी शोभत नाही. रन्वारला हे स्वतःच जाणवले. १८८१ मध्ये इटलीत जाऊन त्याने राफाएलची चित्रे पाहिली आणि पुढे १८८४ ते १८८७ अशी तीन वर्षे खपून स्नान करणाऱ्या स्त्रियांचे एक मोठे चित्र केले. त्यातील देहांच्या कडा कोरीव शिल्पासारख्या आहेत, आणि त्यांच्या मागची झाडी मात्र भुरभुरीत आहे. दोन पद्धती एका चौकटीत शेजारी बसल्या. एकरूप झाल्या नाहीत.

हे एकरूपत्व कसे साधावे, हा नंतरच्या पिढीचा प्रश्न. सेझान, सरा, गोगँ आणि व्हॅन गॉख या परस्परांहून भिन्न प्रकृतीच्या चित्रकारांना एका नावाखाली आणले ते रॉजर फ्राय या इंग्रज समीक्षकाने. १९१० मध्ये त्याने लंडनच्या ग्राफ्टन गॅलरीत त्यांची चित्रे मांडली, तेव्हा त्या प्रदर्शनासाठी ‘उत्तर-दृक्प्रत्ययवादी’ हा शब्द वापरला. तेव्हा या चौघांपैकी एकही जिवंत नव्हता. म्हणजे हे नाव त्यांनी स्वतः घेतलेले नव्हे. आणि म्हणून त्यांना एका संप्रदायाचे अनुयायी मानण्याऐवजी एकाच प्रश्नाला भिडलेली माणसे मानणे अधिक न्याय्य होईल.

झॉर्झ सरा याने ‘आस्निएर येथील स्नान’ हे चित्र १८८४ मध्ये पुरे केले, तेव्हा त्याचे वय अवघे चोवीस वर्षांचे होते. चित्र सुमारे दोन मीटर उंच आणि तीन मीटर रुंद आहे. एवढा आकार त्या काळी इतिहासप्रसंगांसाठी किंवा धार्मिक विषयांसाठी राखलेला असे. सराने तो पॅरिसच्या उपनगरातील काही पोरगेल्या आणि तरुण माणसांना दिला. सेन नदीचा उतरता गवताळ काठ. एक मनुष्य डोक्यावर गोल टोपी ठेवून आडवा झाला आहे, त्याच्यापाशी एक लहानसे तपकिरी कुत्रे आहे. मधोमध एक मुलगा पाय पाण्यात सोडून, खांदे पाडून बसला आहे व त्याचे कपडे आणि बूट शेजारी पडले आहेत. उजवीकडे पाण्यात उभा असलेला एक मुलगा तोंडाभोवती हातांची ओंजळ धरून कोणाला तरी हाक घालीत आहे. मागे रेल्वेचा पूल आणि क्लिशीच्या कारखान्यांची धुरांडी दिसतात. दूरवर एका नावेतून उंच टोपीवाला गृहस्थ आणि छत्रीवाली स्त्री पलीकडच्या बेटाकडे चालली आहेत. त्या बेटावरील सुखवस्तू समाजाचे प्रचंड चित्र सराने लगेच पुढे हाती घेतले.

या चित्रात कोणी कोणाकडे पाहत नाही. बहुतेक सारी माणसे एकाच दिशेस, उजवीकडे तोंड करून आहेत. उन्हाळ्यातील सुट्टीची घटका आहे, परंतु खेळ नाही, हसू नाही, पाणी उडविणे नाही. हाक मारणारा मुलगासुद्धा मूर्तीसारखा निश्चल आहे. हे आपोआप घडलेले नाही. सराने नदीकाठी जाऊन लहान लाकडी फळ्यांवर डझनाहून अधिक कच्ची तैलचित्रे केली, आकृतींची स्वतंत्र रेखाटने चित्रशाळेत केली आणि मग एकेक माणूस मोजून मापून जागी बसविला. रंगांच्या शास्त्राचा त्याचा अभ्यास होता. शेव्ह्रल या रसायनशास्त्रज्ञाने १८३९ मध्ये रंगांच्या परस्परविरोधाविषयी लिहिलेला ग्रंथ त्याने अभ्यासला होता. म्हणून देहाची कड जेथे उजळ आहे तेथे तिला लागून असलेले पाणी त्याने किंचित गडद केले आहे, आणि जेथे कड सावलीत आहे तेथे पाणी उजळले आहे. अशा रीतीने रेषा न काढताही आकृती पाण्यापासून सुटून उभी राहते, आणि तरीही तिला उभी करणारे ते पाणीच असते. त्याची पुढे गाजलेली ठिपक्यांची पद्धत या चित्राच्या वेळी सिद्ध झालेली नव्हती. हाक मारणाऱ्या मुलाच्या टोपीवर दिसणारे ठिपके त्याने काही वर्षांनी मागाहून घातले.

सालाँने हे चित्र नाकारले. नाकारलेल्या चित्रकारांनी त्याच वर्षी जे स्वतंत्र प्रदर्शन भरविले, तेथेही ते उपाहाराच्या दालनात टांगले गेले. आज ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. सराचे उत्तर आपल्याला असे मांडता येईल : देवदेवतांना शोभणारी स्थिरता आणि प्रतिष्ठा मोलमजुरी करणाऱ्या माणसाच्या विसाव्यालाही देता येते, मात्र त्यासाठी क्षणाला गणिताने बांधावे लागते. हे उत्तर उदात्त आहे. त्यात एक थंडपणाही आहे. ती माणसे शेजारी असूनही एकाकी आहेत. सरा १८९१ मध्ये वयाच्या एकतिसाव्या वर्षी वारला, त्यामुळे हा विचार त्याने पुढे कोठवर नेला असता हे सांगता येत नाही.

गोगँचे उत्तर निराळे आणि आज वाचकांना अडखळविणारे आहे. तो १८९१ मध्ये ताहिती बेटावर गेला आणि पुढल्याच वर्षी त्याने समुद्रात शिरणाऱ्या दोन स्त्रियांचे चित्र केले. ते आता वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहालयात आहे. त्यातील गुलाबी-जांभळी वाळू, हिरवा-निळा समुद्र आणि सपाट, गडद रंगांचे पट्टे यांचा प्रभाव विलक्षण आहे. सृष्टी आणि माणूस एकरूप आहेत असा देश मला सापडला, असे जणू हे चित्र सांगते. वस्तुस्थिती अशी होती की ताहिती १८८० पासून फ्रान्सची वसाहत होती, तेथे मिशनऱ्यांचा वावर कित्येक दशकांचा होता, आणि तेथील स्त्रिया बहुधा मिशनऱ्यांनी रूढ केलेले पायघोळ झगे घालीत असत. गोगँने तेथे सहचरी म्हणून जवळ ठेवलेली मुलगी सुमारे तेरा वर्षांची होती. रंगांचे सामर्थ्य मान्य करूनही हे विसरता येत नाही. जो प्रश्न चित्रात सोडवावयाचा होता, तो त्याने दूरच्या बेटावर सुटलेलाच आहे असे गृहीत धरले, आणि त्या गृहीताचा भार तेथील लोकांवर टाकला.

सेझान कोठेही गेला नाही. दक्षिण फ्रान्समधील एक्स या आपल्या जन्मगावी तो पुनःपुन्हा परत येत राहिला. तो १८३९ मध्ये जन्मला. शाळेत त्याचे दोन जिवलग सोबती होते. त्यांपैकी एक पुढे थोर कादंबरीकार म्हणून गाजलेला एमिल झोला. हे तिघे सुट्टीत गावाबाहेर आर्क नदीवर पोहावयास जात, काठावर पडून ह्यूगो आणि म्यूसे यांच्या कविता मोठ्याने म्हणत. झोला १८५८ मध्ये पॅरिसला गेला. त्यानंतर सेझानने त्याला लिहिलेल्या पत्रांत त्या नदीची आणि काठच्या झाडाची आठवण येते. सेझानच्या स्नानचित्रांचा उगम येथे शोधण्याचा प्रघात आहे, आणि तो निराधार नाही. परंतु आठवण हे केवळ बीज. सुमारे दोनशे चित्रे व रेखाटने होईपर्यंत, तीस-पस्तीस वर्षे एक मनुष्य एकाच विषयापाशी थांबतो, त्याचे कारण केवळ बालपणाची हुरहूर असू शकत नाही.

फ्रेंच भाषेत स्नान करणाऱ्या पुरुषांसाठी आणि स्त्रियांसाठी या शब्दाची दोन वेगळी रूपे आहेत, आणि सेझाननेही बहुतेक चित्रांत त्यांना वेगळेच ठेवले. पुरुषांच्या चित्रांत मोकळे आकाश, उभ्या आकृती आणि नदीकाठच्या दिवसांची धूसर आठवण आहे. अशा एका चित्रात पार्श्वभूमीला एक्सजवळचा सेंत-व्हिक्त्वार हा डोंगरही दिसतो. हे चित्र त्याने १८७७ च्या दृक्प्रत्ययवाद्यांच्या तिसऱ्या प्रदर्शनात मांडले, तेव्हा त्याची टवाळी झाली. कायबॉत या चित्रकार मित्राने ते घेतले. १८९४ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर त्याचा संग्रह फ्रेंच सरकारला देऊ करण्यात आला, त्या वेळी नाकारल्या गेलेल्या चित्रांत हेही होते. आज ते फिलाडेल्फियाच्या बार्न्स फाउंडेशनमध्ये आहे.

स्त्रियांच्या चित्रांची गोष्ट अधिक चमत्कारिक आहे. ती काढताना सेझानपुढे स्त्री नव्हती. एमिल बेर्नार हा तरुण चित्रकार १९०४ मध्ये एक्सला त्याला भेटला, तेव्हा याचे कारण वृद्ध सेझानने त्याला सांगितले. आपले वय आणि गावाची रीत पाहता एखाद्या स्त्रीस चित्रासाठी विवस्त्र बसविणे आपल्याला शक्य नाही, असा त्याच्या सांगण्याचा आशय होता. मग तो कशावरून चित्रे काढीत असे? तारुण्यात पॅरिसच्या एका खाजगी चित्रशाळेत केलेली जुनी रेखाटने, लूव्हर संग्रहालयातील मूर्तींवरून केलेली टिपणे, छापील चित्रे आणि प्रसंगी छायाचित्रेही. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्याचा एक एकटा, कमरेवर हात ठेवून उभा असलेला तरुण स्नानार्थी आहे. त्याचे मूळ छायाचित्र उपलब्ध आहे, आणि त्यात तो तरुण चार भिंतींच्या आत उभा आहे. सेझानने त्याला मोकळ्या माळावर, आकाशाखाली आणून ठेवले. सफरचंदांपुढे दिवसेंदिवस बसणारा आणि डोंगराकडे पुनःपुन्हा जाऊन पाहणारा हा चित्रकार स्नानचित्रांत मात्र समोर नसलेल्या गोष्टीची रचना करीत होता. म्हणून त्या देहांत आपण सौंदर्य किंवा मोह शोधू लागलो तर हाती निराशाच येते. चेहरे पुसट, हात जाडेभरडे, खांद्यांची मापे चुकलेली. हे अज्ञान नव्हे. देह सुंदर दिसावा हा येथे हेतूच नाही. झाडाचे खोड, जमिनीचा उतार आणि माणसाची पाठ ही एकाच घडणीची दिसावीत, हा हेतू आहे.

यांपैकी लहान चित्रांतील एक, ‘तीन स्नानार्थिनी’, १८७९ ते १८८२ च्या सुमाराचे आहे. जेमतेम हात-सव्वा हात लांबीचे हे चित्र १८९९ मध्ये व्होलार या व्यापाऱ्याकडून मातीस या तरुण चित्रकाराने विकत घेतले. तेव्हा मातीसची परिस्थिती ओढगस्तीची होती. १९३६ मध्ये त्याने ते पॅरिस शहराच्या पेती पॅले संग्रहालयास भेट दिले आणि सोबतच्या पत्रात कळविले की आपल्या वाटचालीतील कठीण प्रसंगी या चित्राने आपल्याला धीर दिला. एक चित्रकार सदतीस वर्षे दुसऱ्याचे लहानसे चित्र रोज पाहतो आणि त्यातून बळ घेतो, याहून मोठी समीक्षा कोणती असू शकेल?

आयुष्याच्या शेवटच्या दहा-बारा वर्षांत सेझानने तीन मोठी स्नानचित्रे हाती घेतली. एक्सजवळच्या ले लोव्ह टेकडीवर त्याने १९०१-०२ मध्ये नवी चित्रशाळा बांधविली, तेव्हा तिच्या भिंतीत एक उंच, अरुंद फट ठेवविली. मोठे चित्रफलक दारातून निघणार नाहीत म्हणून ते त्या फटीतून आत-बाहेर करावयाचे. बेर्नारने १९०४ मध्ये काढलेल्या छायाचित्रात वृद्ध सेझान यांपैकीच एका चित्रासमोर बसलेला दिसतो. तिन्ही चित्रांवर तो वर्षानुवर्षे काम करीत राहिला. १९०६ च्या ऑक्टोबरात तो वारला. त्यांतील एक आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत, दुसरे बार्न्स फाउंडेशनमध्ये आणि तिसरे, आकाराने सर्वांत मोठे, फिलाडेल्फियाच्या कला संग्रहालयात आहे.

लंडनच्या चित्रात अकरा स्त्रिया पाण्याकाठी आडव्या रांगेत दाटीने आहेत. वर जड, निळे ढग. देहांच्या कडाही निळ्या आणि त्या एकदा नव्हे, अनेकदा काढलेल्या. चित्रकाराने रेषा ठरवून टाकलेली नाही. ती तो शोधीत आहे, आणि शोधाच्या खुणा त्याने पुसलेल्या नाहीत. फिलाडेल्फियाच्या चित्राचा विस्तार सुमारे दोनशे दहा सेंटिमीटर उंच आणि अडीचशे सेंटिमीटर रुंद. त्यात दोन्ही बाजूंची झाडे आतल्या अंगाला कलून वर एकमेकांकडे झुकतात आणि एखाद्या उंच कमानीसारखा आकार होतो. कमानीखाली दोन बाजूंस स्त्रियांचे दोन घोळके. डावीकडची एक स्त्री चालता चालता पुढे झुकली आहे, तिच्या पाठीचा कल आणि मागच्या झाडाचा कल एकच. दोन्ही घोळक्यांच्या मधली जागा मोकळी आहे. त्या मोकळ्या जागेतून नजर नदीवर जाते, तेथे एक आकृती पोहत आहे. पलीकडच्या काठावर दोन लहान आकृती, त्यांच्या मागे एक इमारत आणि मग आकाश. रंग पातळ आहे, कित्येक ठिकाणी कॅनव्हास तसाच कोरा राहिला आहे, आणि त्या कोऱ्या जागांतूनच चित्रात हवा खेळते. चित्र अपुरे आहे हे खरे. परंतु त्यात आणखी कोठे काय भरावयाचे असा प्रश्न केला तर उत्तर सुचत नाही.

येथे आमच्या धंद्यातील एक अनुभव सांगणे अप्रस्तुत होणार नाही. आमच्या शाळेच्या ग्रंथालयात पाश्चात्त्य चित्रकलेवरील एक ग्रंथ आला, त्यात या चित्राची प्रतिकृती होती. एका पालकांनी हे पान मुलांच्या हाती पडू नये असा आग्रह धरला. त्यांची काळजी प्रामाणिक होती, म्हणून तिला हसून उत्तर देणे आम्हांस योग्य वाटले नाही. आम्ही वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना त्या पानावर पारदर्शक कागद ठेवावयास सांगितले आणि चित्रातील केवळ मुख्य तिरप्या रेषा गिरवावयास लावल्या. कागद उचलला तेव्हा त्यावर कमान होती, त्रिकोण होता, मधला मोकळा गाळा होता. एका विद्यार्थ्याने विचारले, या रेषेत झाड कोणते आणि बाई कोणती? सेझानची तीस वर्षांची धडपड त्या मुलाच्या एका प्रश्नात आली होती. पालकांनाही आम्ही तो कागद दाखविला. त्यांचे मत पालटले की नाही हे आम्ही विचारले नाही. पान ग्रंथात राहिले. नग्नतेचा विषय टाळून कला शिकविता येत नाही आणि तो विषय नाहीच असे भासवूनही शिकविता येत नाही. कोठे पाहावे हे दाखविले, की नजर आपली वाट धरते, एवढेच आमच्या अनुभवास आले आहे.

ही चित्रे सहजासहजी कोणाच्याच गळी उतरली नाहीत. १९३७ मध्ये फिलाडेल्फियाच्या संग्रहालयाने मोठे चित्र एक लाख दहा हजार डॉलरांस घेतले, तेव्हा तेथील एका वृत्तपत्राने तक्रार केली की शहरातील सुमारे दहा टक्के रहिवाशांच्या घरी अंग धुण्याचा टबही नाही, आणि पैसा चालला आहे स्नानाच्या चित्रावर! या टीकेतील विनोद सोडला तरी तीत तथ्य नव्हते असे नाही. सार्वजनिक पैसा कशावर खर्चावा हा प्रश्न कलेच्या थोरवीने मिटत नाही. परंतु त्या चित्राला एक उत्तर देता येते : पुढच्या पिढ्यांच्या चित्रकारांनी आणि शिल्पकारांनी ते फुकट पाहिले नाही. १९०७ च्या शरद ऋतूत पॅरिसच्या सालाँ दोतोन या प्रदर्शनात दिवंगत सेझानची छप्पन्न चित्रे मांडली गेली. जर्मन कवी रिल्के तेथे वारंवार जाऊन त्या चित्रांसमोर उभा राही आणि आपल्या पत्नीला त्यांविषयी पत्रे लिही. रंगाशी प्रामाणिक राहणे म्हणजे काय हे एका कवीने त्या पत्रांत शोधले आहे, म्हणून साहित्याच्या अभ्यासकांनीही ती वाचावी. त्याच वर्षी पिकासोने आपल्या ‘आव्हिन्योच्या तरुणी’ रंगविल्या. त्यांच्या मोडलेल्या, कोनाकोनांच्या देहांमागे सेझानच्या स्नानार्थिनी उभ्या आहेत याविषयी अभ्यासकांत फारसा मतभेद नाही. मातीसने १९०९ ते १९१७ या काळात ‘नदीकाठच्या स्नानार्थिनी’ हे भव्य चित्र पुनःपुन्हा बदलीत पुरे केले.

इंग्रज शिल्पकार हेन्री मूर याचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. तरुणपणी, १९२२ मध्ये, त्याने सेझानचे मोठे स्नानचित्र पॅरिसमधील एका खाजगी संग्रहात पाहिले आणि ते तो कधी विसरला नाही. पुढे १९६० च्या सुमारास त्याने सेझानचे एक लहानसे स्नानचित्र विकत घेतले. त्यातील तीन स्त्रिया त्याने १९७८ मध्ये मूर्तिरूपाने घडविल्या. चित्रात न दिसणारी बाजू कशी असेल हे त्याला कल्पनेने ठरवावे लागले, आणि ते ठरविता आले. शरीरशास्त्राच्या मापाने चुकलेल्या त्या आकृती घडणीच्या मापाने किती भक्कम होत्या याचा हा हातांनी दिलेला पुरावा होय.

आमच्या बहुसंख्य वाचकांना ही मूळ चित्रे पाहण्याचा योग नाही. आम्हांसही प्रतिकृतींवरच भागवावे लागते. प्रतिकृतीत रंग बदलतात, आकार तर नाहीसाच होतो. दोन मीटरांचे चित्र तळहाताएवढे होते. तरी रचना टिकते, आणि सेझानच्या बाबतीत रचना हाच विषय असल्याने आपण सर्वस्वी वंचित राहत नाही. प्रतिकृती पाहताना एक करावे. प्रथम माणसे बाजूस ठेवून त्यांच्या मधल्या मोकळ्या जागा पाहाव्यात : दोन खांद्यांमधील आकाशाचा तुकडा, कोपर आणि झाड यांतील निळसर फट. मग ती जागा कोणत्या रेषांनी धरून ठेवली आहे ते पाहावे. त्यानंतर माणसांकडे परत यावे. सराच्या चित्रात ही मोकळी जागा माणसांना एकमेकांपासून दूर ठेवते. सेझानच्या शेवटच्या चित्रात ती त्यांना, झाडांना आणि पलीकडच्या काठाला एकत्र आणते. दोन्ही चित्रांत पाणी थोडकेच आहे, आणि स्नान तर जवळजवळ नाहीच. जुन्या महाकवींच्या सर्गांतही, विचार केला तर, शरयूचे पाणी हे निमित्तच होते. निमित्त जुने घेऊन त्याखाली नवे बांधकाम करणाऱ्याला वेळ लागतो. सेझानला तीस वर्षे लागली, आणि कुंचला ठेवावा लागला तेव्हा काही जागा कोऱ्याच होत्या.